बंद गाड्यांचं पाणी

"अगं, काठोकाठ नको. प्लेटा बुडाल्या की थांब," स्टुलावर बसलेला मेकॅनिक म्हणाला.

"थांबलेच आहे," बॅटरीत पाणी ओतणारी त्याची बायको म्हणाली. खरं तर तिला आता सांगायची गरज उरली नव्हती.

गोल्फच्या मैदानामागच्या शेडमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वीस गाड्या उभ्या होत्या. हंगाम संपला की पाच महिने त्या हलायच्या नाहीत. पण बॅटरी नुसती पडून राहिली तर मरते. दर महिन्याला चार्ज करायची, मग झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टोकांवर साचलेली पांढरी भुकटी सोड्याच्या पाण्यानं पुसायची. सव्वीस वर्षं हे काम त्यानं एकट्यानं केलं. यंदा गाड्या आत लावून आठवडाही झाला नव्हता, तोच त्याची उजवी बाजू लुळी पडली.

मैदानाच्या मॅनेजरला त्यानं कळवलंच नाही. बायकोनं चाव्या मागितल्या, तेव्हा म्हणाला, "ॲसिड आहे ते. तुला नाही झेपायचं."

"इतकी वर्षं तुमचा स्वभाव झेपला. ॲसिडचं काय सांगता?"

पहिल्या महिन्यात तिच्या बाहीला भोकं पडली. तो वाट्टेल ते बोलला. तिनं निमूटपणे त्याचा जुना एप्रन चढवला आणि पुढचं झाकण उघडलं. चौथ्या महिन्यात ती न विचारता चार्ज तपासायला मीटर लावू लागली. त्याला बरं वाटलं, आणि कुठेतरी टोचलंही.

आज मॅनेजर न सांगता आला. मेकॅनिकचा लुळा हात पाहून दारातच थबकला.

"काका, हे कधी झालं?"

"गाड्या आत लावल्या त्याच आठवड्यात."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा माणूस आणला असता."

मॅनेजर आत आला. त्यानं एक गाडी सुरू केली. मग दुसरी, तिसरी. विसाव्या गाडीतून उतरून तो हळूच म्हणाला, "काकू, पुढंही हे काम कराल का?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"करेल," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा."

मॅनेजर म्हणाला, "फाटकापर्यंत गाडीनंच जा."

मेकॅनिक सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेला. तिथं थांबला. मग टपाला धरून, पाय ओढत, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. बराच वेळ लागला. तो नीट बसेपर्यंत तिनं चावी फिरवली नाही.