कोपराखालचा हात

मी रोबोट बोलतोय. पण लगेच कौतुक नको. दारावरच्या पाटीवर ‘यंत्रमानव’ लिहिलंय म्हणून लोक डोकावतात आणि तोंड वाकडं करून म्हणतात, “हा? हा तर नुसता दांडा!” आहेच मी दांडा. टेबलाला घट्ट बसवलेला, पुढे मूठ, समोर पडदा. पक्षाघातानं ज्यांचा हात लुळा पडलाय, त्यांचा हात त्या मुठीला बांधतात आणि मी तो पुढे-मागे नेतो. एका बैठकीत पाचशे वेळा. माणूस स्वतः जितका जोर लावेल, तितका मी माझा कमी करतो. एवढंच माझं काम. पण ते कुणी सुखानं करू देईल तर शपथ!

कारखान्यातून इथं रुग्णालयात आलो तेव्हा फीत कापली, फोटो काढले. मग पाच महिने मी चादरीखाली. का, तर मला चालवायला शिकलेलं कुणी नव्हतं! माझ्या मुठीवर ओले टॉवेल वाळत घालायचे. शेवटी नव्या फिजिओथेरपिस्ट ताई आल्या आणि मी कामाला लागलो.

त्या सुमारास चावीवाले काका आले. चाळीस वर्षं कानशीनं किल्ल्या घासणारा माणूस. एका सकाळी दुकान उघडताना किल्ली बोटांतून गळाली, ती उचलायला गेले तर उजवा हात हलेचना. सोबत काकू असायच्या. काकांचा चष्मा काकू पुसायच्या, बटणं काकू लावायच्या. ताईंनी विचारलं, “काका, दुखतंय का?” की काकू म्हणायच्या, “छे, त्यांना नाही दुखत.”

पहिल्या दिवशी पडद्यावर काकांचा स्वतःचा जोर आला शंभरापैकी शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. काका भिंतीकडे तोंड करून रडले.

चौथ्या दिवशी आकडा आला नऊ. मग सतरा. ताई खूश, काका खूश. वैतागलो तो मी! जोर मुठीतून येतच नव्हता, कोपराकडून येत होता. ताई दुसऱ्या रुग्णाकडे वळल्या की काकू हळूच काकांच्या कोपराखाली हात घालून ढकलायच्या.

बाहेरून धक्का बसला की थांबायचं, हा माझा नियम. मी थांबलो. “मेलं पुन्हा अडलं!” काकू म्हणाल्या. असं दिवसातून सहा वेळा. मग मेकॅनिक आला. त्यानं माझं पोट उघडलं, फुंकर मारली, पोट बंद केलं. “बिघाड काही नाही. जरा नाजूक आहे, एवढ्या-तेवढ्यानं थांबणार नाही असं करून देतो,” म्हणाला आणि गेला. झालं! आता ढकला खुशाल.

आकडा चाळिसावर गेला. डॉक्टरांनी पडदा बघितला. “छान सुधारणा आहे. सोमवारपासून यांची वेळ दुसऱ्यांना द्या. बाकीचा व्यायाम घरी करतील.”

काकूंचा चेहरा उतरला. आता बोला की, बाई! पण त्या काकांचा चष्मा पुसू लागल्या. मी तर काय, मुकाच.

बोलले ते काका. जीभ अजून जड होती. “डॉक्टर, मला साधा पेलासुद्धा उचलवत नाही. आकडा खोटा आहे. ही ढकलते. मला कळत होतं. बरं वाटत होतं, म्हणून गप्प बसलो.”

“तुम्ही शून्य बघून रडलात,” काकू म्हणाल्या. “मला बघवेना हो.”

“रडेन की! शून्य माझं आहे. माझंच राहू दे.”

डॉक्टरांनी काकांची वेळ दुसऱ्यांना दिली नाही. ताईंनी काकूंची खुर्ची टेबलाच्या पलीकडे ठेवली. “काकू, दोन्ही हात मांडीवर.” त्या दिवशी आकडा आला दोन. पुढचे कित्येक आठवडे दोन, तीन, पुन्हा दोन. काका चिडायचे, मला शिव्या द्यायचे. पण जोर आता मुठीतून यायचा.

आकडा सव्वीस झाला, तेव्हा ताईंनी फळीवर बसवलेलं कुलूप समोर ठेवलं आणि काकांच्या उजव्या हातात किल्ली दिली. अकरा वेळा ती पडली. बाराव्यांदा आत गेली, थरथरली, फिरली. खट्! कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू म्हणाल्या, “आता शर्टाचं बटण तुमचं तुम्ही लावायचं.”

“आजपासून?”

“आत्तापासून.”

एका बटणाला इतका वेळ लागला, की पुढचे रुग्ण दारात खाकरू लागले.

काका आता दुकानात बसतात म्हणे. किल्ली उजव्या हातानं दाबून धरतात, कानस डाव्या हातानं चालवतात. बारीक काम अजून जमत नाही. कदाचित जमणारही नाही.

मी इथंच आहे. मूठ सैल झालीय, ताईंनी तक्रार तीन वेळा लिहून दिलीय, कुणी बघत नाही. तेही असो. माझी विनवणी रुग्णांना नाही, त्यांच्या माणसांना आहे. जवळ बसा, पाणी द्या, रडले तर रडू द्या. फक्त अर्धा तास आपले हात आपल्याजवळ ठेवा. सोपं नाही, माहीत आहे मला. किल्लीच्या त्या बारा खेपांत काकूंनी मांडीवरची कागदी पिशवी चुरगाळून तिचा पार भुगा केला होता.