दोनदा टक्

विमानात भूत असतं की नाही, यावर फ्लाइंग क्लबच्या मिस्त्रीचं मत पक्कं होतं. भूत नसतं, सैल वायर असते. क्लबात विमान शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा त्यानं रेडिओ उघडून तारा बदलल्या. दुसऱ्यांदा कानावर लावायचे हेडफोन बदलले. पुढच्या तक्रारीला मात्र तो हात पुसत म्हणाला, की ताई, आता या रेडिओत बदलायचं राहिलंय ते फक्त ऐकणारं माणूस. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर ताईंनी त्याला उभा-आडवा घेतला असता. मिस्त्रीला त्या काहीच बोलल्या नाहीत. क्लबमधली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली विमान चालवायला शिकलेली, आणि बाई घाबरल्यात असं त्यातल्या एकाच्याही कानावर जायला नको होतं.

तक्रार तरी काय होती? मध्येच, कोणी बोलत नसताना, कानात दोनदा टक् वाजायचं. बोलायचं बटण कोणी दोन वेळा दाबून सोडावं तसं. विमानवाल्यांत याचा अर्थ ठरलेला आहे. ऐकलं, समजलं. तोंड उघडायचा कंटाळा आला की बटण दोनदा दाबायचं, पलीकडच्याला टक् टक् जातं. माणसाचा आवाज जात नाही, त्यामुळे कोणी दाबलं ते कळत नाही. ताई शिकवायला बसल्या की पहिल्याच दिवशी बजावायच्या, हे उत्तर नव्हे, जे काय असेल ते शब्दांत सांगा. ते सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते एका सख्ख्या भावानं.

भावाला घरीदारी बारक्या म्हणत. क्लबच्या खोलीत शिरताना त्याला मान वाकवावी लागायची, एवढा उंच, पण धाकटा म्हणून बारक्या. विमान उडवायचा झकास आणि बोलायला महाकंजूष. त्याचं लग्न झालं तसं हे टक् टक् प्रकरण फारच वाढलं. वहिनी क्लबच्या खोलीत रेडिओपाशी बसायची, तो वरून दोनदा दाबायचा, ही खालून दोनदा दाबायची. ताई कपाळाला हात लावायच्या. मनातून मात्र त्यांना ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

आता त्या लाल चौकोनाबद्दल सांगायला हवं. क्लबच्या नकाशावर उत्तरेला लाल रेघांनी भरलेला एक चौकोन आहे. ते लष्कराचं तोफांच्या सरावाचं मैदान. खालून काटेरी कुंपण, वरून विमानांना मनाई. पलीकडच्या गावाला जायचं तर चौकोनाच्या कडेला येऊन लष्कराच्या चौकीला रेडिओवर विचारायचं. ती हो म्हणाली तर सरळ मधून जायचं, नाहीतर हा मोठा वळसा. चौकीवर एक काका बसायचे. क्लबची सगळी विमानं आणि सगळे आवाज त्यांच्या ओळखीचे. मैदान रिकामं असलं की काकाही बोलायचे कष्ट घ्यायचे नाहीत. दोनदा टक्, की जा बाबा. हे कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं, पण वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग बिघडलं. एका सुट्टीच्या दिवशी बारक्यानं कडेला येऊन चौकीला हाक घातली, उत्तरादाखल दोनदा टक् ऐकलं, आणि तो आत शिरला. सुट्टीचा दिवस असूनही खाली जादा सराव काढलेला होता. तोफा सुरू होत्या. बारक्याचं विमान मैदानातल्या टेकडीवर कोसळलं.

चौकशीत काका गळ्याची शपथ घेऊन सांगत राहिले, की मी बटण दाबलंच नाही, मी तेव्हा आतल्या खोलीत फोनवर होतो. कोण विश्वास ठेवणार? त्यांची सवय तर विमानवाल्यांत सगळ्यांनाच माहीत. त्यांची नोकरी गेली. आता ते एका गोदामाच्या फाटकावर स्टुलावर बसलेले असतात, आणि तो रस्ता टाळायला ताई गावाला वळसा घालतात. कारण काका खरं बोलत होते, हे जगात एका ताईंनाच माहीत होतं.

त्या दिवशी ताई चहाचे कप घेऊन क्लबच्या खोलीत आल्या, तेव्हा रेडिओ चौकीच्या चॅनलवर लावलेला होता. वहिनीच्या हातात माईक होता आणि गाल लाल झाले होते. ती हसत म्हणाली होती, की हे काहीतरी विचारत होते, काय ते कळलं नाही, पण आवाज ओळखला म्हणून टक् टक् केलं. ताईंच्या हातातला चहा बशीत सांडला. पुढे काय झालंय ते तोवर कोणालाच कळलं नव्हतं. कळल्यावर ताईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती आजतागायत. काकांच्या सवयीबद्दल वहिनीला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यापुरतं एवढंच होतं, की चौकीवाल्यानं चूक केली आणि नवरा गेला.

ताईंना झोप लागायची नाही ती एकाच प्रश्नानं. खाली धूर उठलेला दिसला असेल, त्या शेवटच्या क्षणी बारक्याला कळलं असेल का? हे काकांचं नव्हतं, हे आपल्या घरातलं टक् टक् होतं, हे त्याला ओळखू आलं असेल का? तेव्हापासून ताईंच्या विमानातल्या रेडिओत ते वाजायला लागलं. आणि ताई त्या लाल चौकोनाकडे फिरकल्या नाहीत.

या गोष्टीला तीनेक वर्षं होत आली. वहिनीसाठी नवं स्थळ बघितलं ते ताईंच्या आईनंच, हट्टानं. पोरीनं किती दिवस आमच्या भिंतींकडे बघत बसायचं, असं म्हणून. माणूस चांगला होता. सगळं ठरलं, वहिनीची बॅग भरून झाली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती ताईंपुढे येऊन उभी राहिली. त्या टेकडीपाशी आजवर घरच्या कोणालाही जाऊ दिलेलं नव्हतं. जायच्या आधी एकदा वरून तरी दाखवा, म्हणाली. परत काही मागणार नाही.

नाही कसं म्हणणार? ताईंनी चौकीवर फोन लावला. तिथे आता नवा अधिकारी होता. तो सांगत होता ते रास्तच होतं. आज सकाळी मैदान बहुतेक रिकामं असेल, कडेपर्यंत या, रेडिओवर विचारा, मी तोंडी परवानगी दिल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. ताई म्हणाल्या, ते मला सांगायला नको.

विमान दोघींपुरतंच, जुनं, शिवणीवर उसवलेल्या खुर्च्यांचं. ताई डावीकडे, वहिनी उजवीकडे. बोलायचं बटण दोघींच्याही पुढ्यात. हवा स्वच्छ होती. खाली शेतं, एक कालवा, मग झाडं विरळ होत गेली आणि समोर ती उघडी टेकडी दिसायला लागली. वहिनीनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ताईंनी लांबूनच बोटानं दाखवलं, की ती उजव्या अंगाला खचलेली आहे ना, ती.

कडेला आल्यावर ताईंनी चौकीला हाक घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. नुसती खरखर. विमान कडेकडेनं फिरवत त्यांनी आणखी एकदा, नाव-गाव-उंची सगळं स्वच्छ शब्दांत सांगून विचारलं, आत येऊ का?

टक्. टक्.

इतके दिवस तो आवाज ताईंनी एकटीनं ऐकला होता. आता मान वळवून बघतात तर वहिनी ताठ बसलेली, तोंडावर हात, डोळे भरलेले. म्हणजे तिनंही ऐकलं होतं. सैल वायर नव्हती, आणि ऐकणारं माणूसही बिघडलेलं नव्हतं. यात समाधान मानायचं की काय करायचं, हे ताईंना कळेना.

वहिनीचा हात आपसूक बटणाकडे गेला. ताईंनी तो वरच्यावर धरला.

"दाबू नको."

"ताई, हे तर यांचंच." मग ती थोडी सावरली. "की चौकीवाल्यांचं? ते असंच हो म्हणतात का? मग चला ना आत."

आयुष्यभर ज्यांना त्यांना सांगत आलेलं वाक्य ताईंच्या जिभेवर आलं होतं. हे उत्तर नव्हे, हे कोणीही दाबलेलं असू शकतं. पण ते इथे, हिच्यासमोर म्हणायचं कसं? कोणीही म्हणजे कोण, एवढा एकच प्रश्न हिनं स्वतःला विचारला की संपलं. चहा, माईक, लाल झालेले गाल, सगळं तिचं तिलाच जुळवता आलं असतं. पोरगी उद्या नव्या घरात जाणार, ती हे बरोबर घेऊन जाणार. आणि खरं सांगायचं नाही तर आत जायचं. टेकडी समोर उन्हात निवांत पडली होती. रिकामी असेलही. बारक्यालाही ती अशीच दिसली असेल.

एक क्षण असा आला की ताईंना आत जावंसं वाटलं. भाऊ बोलावतोय, त्याची बायको शेजारी बसली आहे, आपण तिला घेऊन आलोय, आता अडायचं कशासाठी? पण हा विचार त्यांना आपला वाटला नाही.

त्यांनी डाव्या हातानं, वहिनीला दिसणार नाही असा, पेट्रोल कमी करायचा दांडा थोडा ओढला. इंजिन ठसकलं. विमान थरथरलं.

"इंजिन नीट चालत नाहीये," ताई म्हणाल्या. "परत फिरायला हवं."

थापा मारायची सवय नसलेल्या माणसाची थाप होती ती, पण इंजिनानं साथ दिली. ताईंनी विमान उजवीकडे वळवलं. मैदान आता डाव्या हाताला, त्यांच्या स्वतःच्या खिडकीत आलं, आणि वहिनीच्या खिडकीत नुसती शेतं. तेवढ्यात टेकडीच्या पायथ्याशी धुराचा पांढरा लोट उठला. मग त्याच्या शेजारी दुसरा. आवाज आला नाही, इंजिनाच्या घरघरीत येणारही नव्हता. ताईंनी पुढे सरकून अंगानं खिडकी झाकली आणि दांडा हळूच जागेवर नेला. तू मला आत बोलावलंस, मेल्या, त्या मनात म्हणाल्या. आम्हा दोघींना बोलावलंस.

त्यांना त्याचा राग आला, आणि रागामागून इतकं रडू आलं, की पुढची काच दिसेना.

कालवा ओलांडला तसं इंजिन सुरळीत झालेलं वहिनीच्या लक्षात आलं असणार. ती खाली बघत होती. मग तिनं अगदी हळू विचारलं, की एकदाच दाबू का? निरोप घेते आणि झालं. परत कधी या विमानात बसणार नाही.

ताईंचं पहिलं मन नाहीच म्हणत होतं. हवेत आणखी कोणी असलं तर? चौकोनाच्या कडेला आलेलं कोणी, उत्तराची वाट बघत बसलेलं? हिचा हात हलका आहे, पण एकदा तो केवढ्याला पडलाय ते हिला ठाऊक नाही. पण नाही तरी कशाच्या तोंडानं म्हणायचं? ताईंनी नकाशा नीट करायच्या निमित्तानं हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला. आपापसात बोलायची सोय तेवढी चालू ठेवली. रेडिओवरचे हिरवे आकडे विझले. आता दाब बाई, किती दाबायचं ते दाब, आपल्या दोघींपलीकडे काही जायचं नाही.

"दाब," त्या म्हणाल्या.

वहिनीनं डोळे मिटले. अंगठ्यानं बटण दोनदा दाबलं, घाई न करता, क्लबच्या खोलीत बसून दाबायची तसंच.

कानात काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नव्हती, कारण रेडिओच नव्हता. ताईंनी श्वास सोडला.

आणि मग त्या मेलेल्या रेडिओतून, स्वच्छ, जवळून, आलं. टक्. टक्.

ऐकलं. समजलं.

वहिनीनं डोळे उघडले तेव्हा ती हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. हे हसू ताईंनी याआधी एकदा बघितलं होतं, हातात चहाचे कप असताना.

"ओळखलं ना, ताई, त्यांनी मला?"

रेडिओचे आकडे विझलेलेच होते. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"हो. ओळखलं."

पुढे क्लबची धावपट्टी दिसायला लागली होती. ताईंनी चाकं, पंख, वेग सगळं नेहमीसारखं एकेक करून तपासलं आणि विमान खाली घेतलं. उतरायची परवानगी मागायला त्यांनी रेडिओ काही पुन्हा लावला नाही.