हात पुरेल एवढी उंची

मित्रांनो, जरा मान वर करा. अकोल्यातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत छताला टांगलेली ही गोल, मळकी डबी म्हणजे मी. मला केबल रील म्हणतात. माझ्या पोटात पोलादी पट्टीची स्प्रिंग आहे आणि तिच्या जोरावर वायर गुंडाळलेली राहते. वायर खाली ओढली की हवी तिथे थांबते. हलका झटका दिला की परत वर जाते. इतकी वर्षं मी हेच केलं. आता स्प्रिंग थकली आहे. वायर वर घेताना शेवटची हातभर बाहेरच राहते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तिथे आम्ही सगळ्या सारख्याच होतो. मी वेगळी झाले ती धर्मपालकाकांच्या घरी आल्यावर. काका एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांची बायको मायाबाई घरी शिवणकाम करायच्या. मशीनच्या मोटारीची वायर फरशीवरून जायची. एकदा तिच्यात पाय अडकून मायाबाई पडल्या, आणि काकांनी अमरावतीहून मला आणलं.

काकांनी आधी मेन स्विच बंद केला. टेस्टर लावून खात्री केली. मग स्लॅबमध्ये भोक पाडून जाड बोल्ट बसवला आणि मला टांगलं. मला वीज देणारा सॉकेट शेजारीच, खालून दिसेल असा लावला. माझ्या वायरवर एक रबरी गोळा असतो. तो माझ्या तोंडाशी अडतो, म्हणून त्याच्या खालची वायर आणि तिच्या टोकाचा पिन खुपसायचा ठोकळा खाली लोंबत राहतो. मायाबाई ठेंगण्या होत्या. त्यांनी हात वर करून दाखवला.

"एवढ्या खाली? माह्या कपाळाले लागन ना तो," काका म्हणाले.

"मंग वाकत जा थोडं. मशीनवर मले बसाचं हाय का तुमाले?"

ठोकळा तिथेच राहिला. काकांच्या कपाळाला तो रोज लागायचा आणि काका रोज कुरकुरायचे. मायाबाई मशीनवरची मानही वर करायच्या नाहीत. "आंधळे हा का?" एवढंच म्हणायच्या. पुढे काका वाकायला शिकले.

ते माझे चांगले दिवस होते. धम्मचक्र दिन जवळ आला की खोलीभर पांढऱ्या कापडाचा ढीग पडायचा. मायाबाई मला फक्त मोटार आणि दिवा चालवू द्यायच्या. इस्त्री भिंतीच्या सॉकेटवर. गुंडाळलेल्या वायरवर जास्त भार टाकला तर ती आतल्या आत तापते, हे काकांनी त्यांना सांगितलं होतं. शेजारची पार्बताबाई एकदा इस्त्रीची पिन माझ्यात खुपसायला आली, तर मायाबाईंनी तिचा हात धरला. "तिले नोको तरास देऊ व माय. तेवढीच इमानदार हाय या घरात."

मग मुलाचं, सुगतचं लग्न ठरलं आणि घरात स्लॅबखाली पीओपीचं शोभेचं छत आलं. कामगारांनी मला बोल्टवरून काढलं आणि त्या पातळ छताला दोन स्क्रूंनी चिकटवलं. माझा सॉकेट वर झाकला गेला. त्या सॉकेटच्या जागी त्यांनी जुना दोन भोकांचा बोर्ड लावला होता. माझा तीन पिनांचा प्लग त्यात जाईना, म्हणून तिसरी जाड पिन मोडून टाकली. "काही होत नाही, काकू," ते म्हणाले. काका त्या वेळी पत्रिका वाटायला तिवस्याला गेले होते. परत आले तर खोली नुसती लखलखत होती. पुन्हा कोणी वर पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मायाबाई आजारी पडल्या आणि गेल्या. मशीनवर चादर आली. माझी वायर कोणी ओढली नाही. काका मात्र माझ्याखालून जाताना वाकायचे.

यंदा सून दीपमालानं चादर काढली. तिला शिवणकाम पुन्हा सुरू करायचं होतं. तिनं वायर ओढली तशी मी हलले, छत करकरलं आणि तिच्या केसांवर पांढरा भुगा पडला. तिनं ओळखीच्या गजेंद्र वायरमनला बोलावलं. त्यानं शिडी लावली तसे काका मध्ये येऊन उभे राहिले.

"तिले हात लावू नोको."

"काका, पीओपीले लटकून राहिली हे. खाली कोन बसनार? तुमची सून."

"मायानं जिथी लावून घेतली, तिथीच राहीन."

गजेंद्र शिडीवरून खाली उतरला. "मायाकाकूनं स्लॅबले लावून घेतली होती. तुमीच लावली होती ना? मंग हे जागा तर पीओपीवाल्याची झाली."

काकांनी वर पाहिलं. मग स्वतःच जाऊन मेन स्विच बंद करून आले.

छत कापलं. वर, धुळीत, काकांचा बोल्ट तसाच होता. काकांनी शिडीवर चढून तो हलवून पाहिला. हलला नाही. बराच वेळ त्यांचा हात त्यावरच होता.

गजेंद्रनं मला पुन्हा त्याच बोल्टला टांगलं आणि सोबतीला साखळी लावली, म्हणजे बोल्टानं दगा दिला तरी मी कोणाच्या डोक्यावर पडणार नाही. सॉकेट तीन भोकांचा, दिसेल असा खाली आणला. तिसरी पिन असलेला नवा प्लग बसवला, कारण कुठे करंट उतरला तर तो माणसातून न जाता तिच्या वाटेनं जमिनीत जातो. मेन स्विचजवळ असा करंट फुटताच वीज तोडणारी डबीही लावली. उरला गोळा.

"हा कोठी आवळू?" गजेंद्रनं विचारलं.

दीपमाला उंच आहे. ती म्हणाली, "राहू द्या, बाबा. आईंचा होता तिथंच राहू द्या. मी वाकीन."

काकांनी लोंबत्या ठोकळ्याकडे पाहिलं. "नाही. तुह्या हाताले पुरन तिथी घे. तिनंबी तिच्या हाताले पुरन तिथीच घेतला होता."

मित्रांनो, मी आता फार दिवसांची नाही. गजेंद्र म्हणाला, स्प्रिंग अजून थोडं चालेल. माझी वायर कुठे चिरलेली दिसली, प्लग गरम लागला, तर मला उतरवा. जुनी आहे, आठवणीची आहे, म्हणून दया करू नका. आठवणीपायी कोणाला झटका बसला, तर ती आठवण कोणाच्या कामाची? आणि कोणी "काही होत नाही" म्हणालं, तर एकदा मान वर करून पाहा.

दीपमालाची मशीन आता सुरू असते. काका तिला चहा आणून देतात. ठोकळा आता त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे. तरी माझ्याखाली आले की ते वाकतात. दीपमाला डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते आणि मशीनवरची मान वर न करता कप हातात घेते.