मायाप्पाचा पांढरा

पारमिताचं लग्न झालं ते २०१९ चं साल. डिसेंबरातला दुसरा रविवार. मुलगी बेळगावच्या एका हायस्कुलात शिकवायला होती, बाप दीपंकर तिथंच सरकारी कचेरीत इंजिनिअर. लग्न बेळगावात मोठ्या हॉलात करता आलं असतं. पण पारमितानं हट्ट धरला की लग्न गावात, आज्जाच्या अंगणात होईल. गाव निपाणीपासून जवळच, वेदगंगेच्या काठचं.

आज्जा म्हणजे मायाप्पा. तो त्या वर्षी त्र्याहत्तरचा होता. जन्मभर त्यानं एकच काम केलं होतं, भिंतींना चुना देण्याचं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, आसपासच्या शाळा, लोकांची घरं, सगळीकडे त्याचा हात फिरलेला. त्याचा बाप चुना द्यायचा तेव्हा त्याला लोकांच्या बाहेरच्याच भिंती मिळायच्या. आतल्या भिंती घरच्या बायका करून घ्यायच्या. मायाप्पाच्या वेळेला आतलं दार उघडलं. ते कायद्यानं उघडलं, असं त्याचा दोस्त मष्णू म्हणायचा. मायाप्पा म्हणायचा, "दार कायद्यानं उघडलं आसंल रं, पर आत बसवून चहा पाजला त्यो माझ्या पांढऱ्यानं."

त्याचा पांढरा होताही तसा. चुनकळी हौदात आठ दिवस विरवायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची, डिंक घालायचा, मूठभर मीठ घालायचं. एवढं कुणीही करतं. पण नुसता चुना वाळला की पिवळट मारतो. तो पिवळेपणा मारायला निळीची पुरचुंडी त्यात फिरवावी लागते, आणि ती किती फिरवायची हे कुठं लिहिलेलं नाही. कमी पडली तर भिंत आजारी दिसते, जास्त झाली तर निळी पडते. मायाप्पा भिंतीवर एक हात मारायचा, तो वाळेपर्यंत विडी ओढायचा आणि मग डोळे बारीक करून बघायचा. त्याचा डोळा "बास" म्हणाला की बास. पांढरं म्हणजे काय ते मायाप्पाला विचारावं, असं निपाणीच्या बाजारात लोक बोलायचे. माणसाला जन्मात एवढी एक गोष्ट मिळाली तरी पुष्कळ झालं.

पण चार-पाच वर्षांत त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांना डब्यातला रंग पाहिजे. दीपंकरनंही निपाणीचा एक रंगारी ठरवला आणि बापाला फोनवरून सांगितलं.

"माझ्या नातीच्या लग्नाला दुसऱ्याचा कुंचला?" मायाप्पा म्हणाला.

"आप्पा, तुमचं वय झालंय. शिडीवर चढणार काय आता?"

"शिडी न्हाय लागत. काठीला कुंचला बांधतो. त्या रंगाऱ्याला सांग, पायरी चढायची न्हाय माझी."

दीपंकरनं आईला, यल्लव्वेला, फोन द्यायला सांगितला. ती म्हणाली, "करू दे रं बाबा. न्हायतर लग्नात तोंड सुजवून बसतील. एवढं एक हाय त्यांच्यापाशी."

झालं. मायाप्पानं केकताडाचं पान ठेचून नवा कुंचला केला, चुना विरवला आणि लग्नाच्या आठवड्यात सोमवारी दर्शनी भिंतीला पहिला हात दिला. भिंत वाळली. विडी ओढून झाली. भिंत पिवळी.

त्यानं पुरचुंडी आणखी फिरवली, दुसरा हात दिला. तरी पिवळी. तो चुन्यावर चिडला, दुकानदारावर चिडला. "चुन्यातसुदिक भेसळ करत्यात भाडकाव." मंगळवारी निपाणीला जाऊन त्यानं निळीच्या आणखी पुड्या आणल्या.

यल्लव्वा पाण्याची घागर घेऊन चालली होती, ती थांबली. "अवो, किती नीळ घालता?"

"तू भाकरी करताना मी पीठ मोजतो काय?"

ती घागर घेऊन आत गेली. बुधवारी चौथा हात वाळला आणि मायाप्पाच्या जिवाला थंड वाटलं. भिंत आता मोगऱ्यासारखी दिसत होती. पूर्वी जशी दिसायची तशी. त्यानं घराच्या चारी बाजू तशाच केल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी कुंचला धुऊन उलटा टांगला.

शनिवारी सकाळी दीपंकर आणि पारमिता गाडीतून उतरले आणि अंगणातच उभे राहिले. घर निळं होतं. आभाळासारखं, स्वच्छ, चारी बाजूंनी निळं.

"आप्पा," दीपंकर म्हणाला, "पांढरं करणार होतासा न्हवं?"

"मग काय काळं केलंय?"

"निळं केलंय की!"

मायाप्पा हसला. पोरगा चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. तेवढ्यात मष्णू आला. तो म्हणाला, "मला वाटलं, नातीच्या लग्नाला मुद्दाम निळं केलंय म्हाताऱ्यानं. बाबासाहेबांचा रंग. झकास दिसतंय की रं!"

मायाप्पाचं हसू गेलं. एक जण चेष्टा करतो, दोघं मिळून कट करतात. त्याला कळलं: ह्यांना डब्यातला रंग द्यायचाय, म्हणून आधी त्याचा डोळा खोटा पाडायचा.

"थांबा," तो म्हणाला. दोरीवर त्याचं उद्या नेसायचं धोतर वाळत होतं. ते त्यानं ओढून काढलं, भिंतीपाशी नेलं आणि भिंतीवर दाबून धरलं. "बघा डोळं फाडून. धोतर आन् भिंत, हाय का काय फरक? आता माझं धोतर निळं म्हणा!"

फरक खरंच नव्हता. धोतर भिंतीइतकंच निळं होतं.

यल्लव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मायाप्पा तिला बरीच वर्षं बोलत आला होता, की तुझ्या हाताला आता धुणं येत न्हाय, कपडे पिवळे राहतात. ती दगडावर आपटून आपटून धुवायची, उन्हात दोनदा वाळवायची, तरी तो म्हणायचा पिवळं. मग ती शेवटच्या पाण्यात नीळ वाढवत गेली. दर महिन्याला थोडी थोडी. तो "आता बरं हाय" म्हणाला तेव्हा ती थांबली, आणि तोवर त्याचे सगळे कपडे निळे झाले होते. गावातल्या बायका विचारायच्या, तर ती म्हणायची, त्यांना आवडतंय तसं. आता हे सगळं अंगणात चार माणसांत सांगायचं म्हणजे नवऱ्याला उघडा पाडायचं. ती म्हणाली, "चहा झालाय. चला आत."

दीपंकरनं रंगाऱ्याला लावायला हळूच फोन काढला. पारमितानं त्याच्या हातातून फोन घेतला. "राहू दे, पप्पा. उद्या लग्न आहे. आज्जानं केलंय ते राहील."

रविवारी सकाळी नवऱ्या मुलाकडची माणसं दोन गाड्या भरून बेळगावाहून आली. नवऱ्याचा बाप उंच, बोलका माणूस. मायाप्पाला तो त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होता. कालचा वाद त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं आल्या आल्या मायाप्पाचे दोन्ही हात धरले.

"पाव्हणं, मन भरलं बघा. लोक दाराला निळा झेंडा लावत्यात, तुम्ही घरच निळं केलंसा. आणि धोतरसुद्धा निळं! आमच्यात अशी निष्ठा ऱ्हायली न्हाय."

मायाप्पा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या तोंडावर चेष्टा नव्हती. हा परका माणूस होता, सोयरा व्हायला आलेला, त्याला खोटं बोलून काय मिळणार होतं? मायाप्पानं खाली आपल्या धोतराकडे पाहिलं. पांढरं स्वच्छ धोतर. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं. मग तो जवळच्या खुर्चीवर बसला.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले, लोक जेवायला बसले. मायाप्पा सगळ्यांशी नीट बोलला, पाहुण्यांना आग्रह केला. पण पारमिता आशीर्वाद घ्यायला वाकली तेव्हा त्यानं तिला जवळ ओढून कानात विचारलं, "पोरी, तुझ्या साडीचा रंग कसला?"

"पांढरा, आज्जा."

"शपथ?"

"हो. का? तुम्हाला कशी दिसते?"

"हळदीच्या पाण्यातनं काढल्यागत."

पारमिता तिथंच खाली बसली, नव्या साडीची पर्वा न करता. "कधीपासून असं दिसतं?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं समद्यांना तसंच दिसतंय." मग तो म्हणाला, "दुसऱ्याच्या डोळ्यात शिरून कोण बघतंय गं?"

जानेवारीत पारमितानं आणि तिच्या नवऱ्यानं त्याला बेळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कन्नड, मराठी मोडकंतोडकं बोलणाऱ्या. त्यांनी उजेड पाडून बघितलं आणि म्हणाल्या, "अज्जा, दोन्हीकडे मोतीबिंदू. आतली भिंग चहासारखी झाली. तुम्ही खूप वर्ष चहातून बघता."

"आन् मला कसं कळलं न्हाई?"

"हळूहळू होतो ना. रोज थोडा थोडा. कुणालाच कळत नाही."

उजवा डोळा आधी केला. डाव्याला एप्रिलमधली तारीख दिली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा त्यानं पाहिली ती पलंगावरची चादर. इतकं पांढरं त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, हे आपण केलं असतं तर.

घरी आला तेव्हा तो दारातून आत गेला नाही. समोरच्या कट्ट्यावर बसला. डावा डोळा हातानं झाकला, घर निळं. उजवा झाकला, घर पांढरं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. एकच घर, एकच माणूस, आणि दोन डोळे एकमेकांना खोटं पाडत होते. मष्णू रस्त्यानं चालला होता.

"कुणाला डोळा मारतोयस रं ह्या वयात?"

"तुझ्या बायकूला. पुढं जा."

मष्णू हसत गेला. मायाप्पा बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी यल्लव्वा बाहेर आली.

"धोतरं आण माझी," तो म्हणाला. "समदी."

तिनं आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं एकेक उलगडून उजव्या डोळ्यानं पाहिलं. पाच धोतरं, चार सदरे, दोन पंचे. सगळ्यात जुना पंचा सगळ्यात निळा.

"ह्यात किती नीळ घातलीस?"

"तुम्ही गप्प बसेपातुर."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. पयल्यांदा सांगितलं, कापडं पांढरीच हाईत म्हणून. तुम्ही म्हणालासा, तुझं डोळं गेल्यात."

त्याला ते आठवलं. तसंच म्हणाला होता, आणि मष्णूसमोर. तो घडी घालायला लागला, पण त्याला घडी नीट येईना. "दोन वर्सं बोललो तुला," तो म्हणाला.

"चार," यल्लव्वा म्हणाली, आणि तिनं धोतर त्याच्या हातातून घेऊन घडी घातली.

मार्चात सगळं बंद झालं. गाड्या बंद, निपाणीचा बाजार बंद, राज्याच्या हद्दीवर पोलिस. बेळगावची तारीख गेली. दीपंकर रोज फोन करायचा आणि घरातच बसा म्हणायचा. दर वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी घराला चुना द्यायची त्यांची रीत होती. मायाप्पा म्हणाला, जयंती घरात तर घरात, पण भिंत करायची. चुनकळी घरात उरलेली होती.

त्यानं चुना कालवला, गाळला, डिंक-मीठ घातलं. मग निळीची पुरचुंडी हातात घेऊन तो थांबला. पन्नास वर्षांत ती पुरचुंडी त्यानं कुणाच्या हातात दिली नव्हती.

"ये हिकडं," त्यानं यल्लव्वेला हाक मारली. "तू फिरव. बास वाटलं की थांब."

"मला काय कळतंय चुन्यातलं?"

"मला तरी कुठं कळतंय? एक डोळा एक म्हणतोय, दुसरा दुसरंच. तू फिरव."

तिनं हात पुसला, पुरचुंडी धरली आणि कढीत डाव फिरवावा तशी फिरवली. दोन वेढे, तीन वेढे. चौथ्याला थांबली. "बास."

"आणिक एक."

"बास म्हटलं न्हवं?"

त्यानं भिंतीवर एक हात मारला. दोघं कट्ट्यावर बसले. विड्या मिळत नव्हत्या, म्हणून तो रिकाम्या हातानं बसला. भिंत वाळली. त्याच्या नव्या डोळ्याला ती किंचित पिवळी दिसत होती. जुन्या डोळ्याला तर चांगलीच पिवळी. यल्लव्वा मान वाकडी करून बघत होती.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

"पांढरी हाय."

त्याच्या जिभेवर आलं होतं, की बाई, तुझ्याही डोळ्यात काही पडलंय का ते बघून घ्यायला पाहिजे. त्यानं ते गिळलं. उठला, काठीला कुंचला बांधला आणि त्याच चुन्यानं घराच्या चारी बाजू केल्या. चार दिवस लागले. यल्लव्वा खाली पडलेले थेंब ओल्या फडक्यानं पुसत त्याच्या मागं मागं फिरली.

जयंतीच्या दिवशी मष्णू तोंडाला फडकं बांधून, चार हात लांब उभा राहून म्हणाला, "मायाप्पा, राग मानू नको, पर थोडं पिवळट झालंय रं."

"झालंय," मायाप्पा म्हणाला. "आसू दे. घरात दोघं ऱ्हातोय आमी."

यल्लव्वा त्याच वर्षी, २०२० च्या नोव्हेंबरात, सहा तारखेला सकाळी वारली. तिला अडुसष्टावं लागलं होतं. घराच्या भिंती अजून तिनं "बास" म्हटलेल्या पांढऱ्यातच होत्या.