पिवळी रंगवलेली नस

हृदय कधीच एकटं नसतं. मानेच्या तळाशी असलेल्या एका गाठीतून निघालेले बारीक तंतू मरेपर्यंत त्याला सोडत नाहीत. शरीररचनाशास्त्राचे अच्युत सर हे वाक्य दरवर्षी पहिल्या तासाला म्हणत. यंदा ते तिघांनी ऐकलं. त्यातले दोघं चुकीच्या वर्गात बसले होते.

निवृत्ती महिन्यावर आली होती. कॉलेजच्या म्युझियमसाठी सरांनी जवळच्या बेटमा गावाहून मानेपासून छातीपर्यंतचा बोकड आणवला, फॉर्मॅलिनमध्ये मुरवला आणि गाठीपासून हृदयापर्यंतची सिंपथेटिक नस सोडवायला बसले. मराठी पुस्तकांत तिला अनुकंपी चेता म्हणतात. इंदुरात कोणीच म्हणत नाही. उजवी बाजू खाटकानं आधीच सोडवली होती, म्हणून डावी घेतली. बायको, शैलजाबाई, गेल्यापासून सुदामा नगरच्या घरात फक्त टीव्ही बोलायचा, त्यामुळे सरांना घाई नव्हती. चरबी, जाळ्या, चिकट पापुद्रे कापून बादलीत टाकत टाकत नस मोकळी झाली. शिरस्त्याप्रमाणे तिला पिवळा रंग दिला.

मुलगी मिताली बेंगळुरूला हृदयाची सर्जन. कॉन्फरन्ससाठी इंदुरात येणार होती, हॉटेलात उतरणार होती. सरांनी फोन केला.

"रविवारी घरी राहा ना, बेटा."

"बाबा, टाइम कुठंय? शाम की फ्लाइट आहे."

"एक नस दाखवायची होती."

"कोणाची?"

"बोकडाची."

"हां, मग येते."

आली. कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये टेबलावर वाकून म्हणाली, "क्या बात है, बाबा! काय साफ काम आहे."

सर खूश झाले. मग तिनं सवयीनं चिमटा उचलला. नस ओढून बघावी, ओढल्यावर लांबली तर ती नस नाही, हे तिला सरांनीच शिकवलेलं.

ही लांबली. पिवळा रंग तडकला.

"बाबा, हा तर नुसता पापुद्रा आहे."

"दिसलं."

"रंगवायच्या आधी ओढून नाही बघितली?"

"तुटली असती तर?"

मितालीनं घड्याळ काढून ठेवलं, हातमोजे चढवले. "चला, असली वाली शोधू." दोघं डोक्याला डोकं लावून वाकले. हॉलमध्ये कितीतरी दिवसांनी कोणीतरी सरांना म्हणत होतं, "अहो, उजेड अडवू नका."

गाठीपाशी खऱ्या नसेचं छाटलेलं टोक सापडलं. बाकीची सरांनी पापुद्रा समजून कापली होती.

"बादलीत असेल," सर घाईघाईनं म्हणाले. "वेळ लागेल जरा."

मितालीनं फ्लाइट सकाळवर ढकलायला मोबाइल काढला.

बादली सरांनी शनिवारीच रिकामी केली होती.