चार मिनिटं मागे

तिने रिमोटचं बटण तिसऱ्यांदा दाबलं. पडद्यावरचं गोल चक्र फिरतच राहिलं. आतल्या खोलीत शिलाई मशीनवर अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच अडकून होती.

"लागतंय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"लागेल. फुकटचं आहे ना, त्याच्या सवडीने लागतं."

केबल काढून वर्ष झालं होतं. इंटरनेटवर शंभरेक चॅनेल फुकट दिसतात हे नवऱ्यानेच शोधून काढलं होतं, आणि जणू चॅनेलही स्वतःच काढलेत अशा थाटात घरभर सांगितलं होतं. सासूबाईंच्या मालिका, बातम्या, सगळं मिळत होतं. मधूनमधून जाहिराती यायच्या, चित्र थिजायचं. त्याने कोणाचं काही अडलं नव्हतं.

आज अडलं होतं. पाण्याच्या बोगद्याचं छत सकाळी साडेनऊला कोसळलं. आत सातजण होते. तिचा नवरा तिथे वेल्डर होता आणि समोरच्या घरातल्या ग्रंथपालबाईचा नवरा पंपावर. पाळी एकच. दोघांचेही फोन लागत नव्हते. ग्रंथपालबाई शाळेतून रजा टाकून धावत आली होती आणि अजून पायात चपला तशाच ठेवून खुर्चीच्या कडेवर बसली होती.

चित्र आलं. विहिरीसारखा उभा खड्डा, त्यावर क्रेन, तारेला लटकलेला लोखंडी पिंजरा. एक अधिकारी बोलत होता.

"पाचजणांना वर घेतलंय. त्यांची प्रकृती—"

आणि गादीची जाहिरात लागली. एक गुबगुबीत कुटुंब गादीवर उड्या मारू लागलं. कोपऱ्यात आकडे उलटे मोजले जात होते. एकोणतीस. अठ्ठावीस.

"मेले कुठले!" सासूबाई म्हणाल्या.

ग्रंथपालबाईने तिचा हात धरला. "ताई, पाच म्हणाले ना?"

"पाच."

जाहिरात संपली आणि अधिकारी थांबला होता तिथूनच पुढे बोलू लागला. "—स्थिर आहे. घरच्यांना कळवल्याशिवाय नावं सांगता येणार नाहीत."

पुन्हा चक्र. पुन्हा चित्र. पिंजरा रिकामाच खाली जाताना दिसला. सातातून पाच गेले की उरतात दोन, आणि या खोलीत बायका दोन, हा हिशेब तिला नको असताना मनात होऊन गेला. तिने हात हळूच सोडवून घेतला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"मी आहे," नवरा म्हणाला. "दुसऱ्याचा फोन आहे. मी बरा आहे."

ती ओट्याला टेकली. तोंडून हसल्यासारखा काहीतरी आवाज निघाला, तो तिने तळहाताने दाबला.

"आणि समोरचे?" तिने कुजबुजत विचारलं.

त्याच्या मागे कोणीतरी ओरडून गाडीला वाट करून देत होतं.

"ती कुठेय?" त्याने विचारलं.

"इथेच. टीव्ही बघतेय."

"बंद कर तो."

"अहो, पण शेवटचा पिंजरा आत्ता कुठे खाली गेलाय. तिला वाटतंय—"

"अगं, तो वर येऊनही चारेक मिनिटं झाली. तुमचं ते मागून येतंय. कॅमेरेवाले अगदी समोर होते. त्याचा चेहरा झाकायचंही कोणाला सुचलं नाही."

ती बाहेर आली. सासूबाईंचे हात जोडलेले होते. ग्रंथपालबाई उभी राहिली होती आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"ताई, तार हलली! वर घेतायत! कोणाचा फोन होता?"

पिंजऱ्याचं वरचं टोक खड्ड्याच्या काठाशी दिसू लागलं होतं. ती चालत गेली आणि पडद्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहिली.

"सरका ना ताई. मला दिसत नाहीये."

ती सरकली नाही. सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जोडलेले हात सावकाश मांडीवर ठेवले.

"ताई," ग्रंथपालबाई आता हळू आवाजात म्हणाली, "सरका ना."