पूनमच्या नावाची शेळी

मी एक म्हातारी शेळी आहे, मित्रांनो, आणि शिवू नावाच्या माणसाचा मला मनस्वी राग आहे. का, ते ऐका.

मैंदर्गीजवळच्या एका वस्तीवर मी जन्मले. त्या घरची रीत अशी, की मुलगी दहा वर्षांची झाली की तिच्या नावाने एक पाट, म्हणजे तरणी शेळी, राखायची. तिच्या करडांचा पैसा मुलीचाच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आण्णांनी माझ्या डाव्या कानाला खूण केली आणि मला लेकीला, पूनमला, दिलं. कान दुखला, पण मान मिळाला.

माझ्या करडांच्या पैशावर पूनम बारावी झाली. यंदाचे दोन बोकड नर्सिंगच्या फीसाठी राखले होते.

आणि तिचा थोरला भाऊ शिवू! सोलापुरात कपड्यांच्या दुकानात कामाला. पगार चौदा हजार, खिशात फोन सत्तर हजारांचा, तोही हप्त्यावर. हप्ता थकला की ॲपवरून कर्ज, ते फेडायला दुसऱ्या ॲपचं. घरात अवाक्षर नाही. मोठा शहाणा!

एका रविवारी हा गडी गुपचूप आला, माझ्या बोकडांना दोर लावला नि निघाला बाजाराला. मी अशी धडक दिली की गुडघा धरून खाली बसला. आवाज ऐकून पूनम धावत आली.

"दादा, कुणाला इचारून सोडलंस?"

"लई अडचण हाय गं. ॲपवाले वळखीच्यांना फोन लावून बदनामी करत्यात."

"ठावं हाय की! तुझ्या नावाच्या शिव्या रोज मलाच फोनवर ऐकाय मिळत्यात. आदी त्यो फोन इक."

"साधा फोन घेऊन फिरलो तर पोरं हसतील की!"

ऐकलंत? ही याची अडचण!

पूनमने आण्णांना हाक मारली. शिवूला सगळी देणी सांगावी लागली. फोन विकला, तरी पैसे कमी पडले. शेवटी पूनमनेच आपले बोकड विकायला दिले. तिचा यंदाचा प्रवेश हुकला.

आता शिवू दर पगाराला तिच्या हातात चार हजार ठेवतो. तिने माफ केलंय म्हणे. मी नाही.

मित्रांनो, हौसेपायी कर्ज काढू नका. अडकलातच, तर पहिल्याच दिवशी घरात तोंड उघडा. दुसऱ्याच्या हक्काचं विकायला निघू नका.

शिवू माझ्यापुढे पाला धरतो, लाडीगोडी लावतो. मी तोंड फिरवते. पुढच्या जूनमध्ये पूनम कॉलेजात गेलेली दिसू दे, मग खाईन.